हरलेल्यांची राज्यघटना

मित्रहो,

२९ सप्टेंबर १७८७. फिलाडेल्फिया शहर. पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेचं अधिवेशन संपत आलंय आणि सभागृहात कोरम होत नाहीये. ४६ सदस्य लागतात, हजर आहेत ४४. बाराच दिवसांपूर्वी याच इमारतीत अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेवर सह्या झाल्यात. ती स्वीकारायची का, हे ठरवायला राज्याने वेगळी परिषद बोलवावी, असा ठराव बहुमतवाल्यांना आजच उरकून घ्यायचाय. विरोधकांना घाई नकोय. मत पडलं तर आपण हरणार हे त्यांना पक्कं माहीत आहे, म्हणून ते सभागृहाकडे फिरकतच नाहीत. मग एक जमाव निघतो, दोन सदस्यांना ते उतरले होते तिथून उचलतो, रस्त्यातून ओढत आणतो आणि आपापल्या जागेवर नेऊन बसवतो. त्यांतला एक, जेम्स मॅकॅलमाँट, म्हणतो की गैरहजेरीचा काय तो दंड मी आत्ता भरतो, पण मला जाऊ द्या. त्याला जाऊ देत नाहीत. कोरम झाला, ठराव झाला.

आपल्याकडे आमदारांना हॉटेलात नेऊन ठेवतात, तिकडे मुक्कामाच्या जागेवरून ओढून आणलं, एवढाच फरक.

या प्रसंगापासून सुरुवात केली, कारण या राज्यघटनेची कथा आपण ऐकतो ती बहुधा देवघरातली असते. पांढरे विग घातलेले शहाणेसुरते लोक एकत्र बसले, त्यांनी विचार केला आणि जगातली सगळ्यात जुनी, आजही चालू असलेली लिखित राष्ट्रीय घटना जन्माला आली. हे खोटं नाही. पण यात विरोधक कुठेच दिसत नाहीत आणि माझ्या मते खरी गोष्ट त्यांची आहे. घटना लिहिली जिंकलेल्यांनी. ती रुजली मात्र हरलेल्यांनी तिच्यावर हक्क सांगितला म्हणून. आज मला एवढंच दाखवायचंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्रजांविरुद्धचं युद्ध १७८१ मध्ये यॉर्कटाउनला जवळपास संपलं. तिथे ज्याच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली तो लॉर्ड कॉर्नवॉलिस आपल्या ओळखीचा. पाच वर्षांनी तोच गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात आला आणि टिपूविरुद्धच्या लढाईत पेशवे आणि निजाम त्याच्या बाजूने उभे होते. असो. अमेरिकेत तेरा राज्यांना बांधणारा एक करारनामा १७८१ पासून लागू होता. त्याखाली काँग्रेस, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींची मध्यवर्ती सभा, होती, पण तिला कर बसवायचा अधिकार नव्हता. तिने राज्यांकडे पैसे मागायचे, राज्यांनी द्यायचे किंवा नाही द्यायचे. करारनामा दुरुस्त करायचा तर तेराच्या तेरा राज्यांची संमती हवी. काँग्रेसने आयात मालावर पाच टक्के जकातीची परवानगी मागितली, तर एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि विषय संपला. दोन वर्षांनी पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा न्यू यॉर्क आडवं आलं. न्यू यॉर्कच्या बंदरात जकात बरी जमत होती, ती काँग्रेसच्या पदरात कोण टाकेल?

त्यात १७८६ च्या पावसाळ्यानंतर पश्चिम मॅसॅच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी उठले. कर नाण्यांत भरा म्हणे, आणि नाणी तर गावात नाहीत. कोर्टं जप्त्यांचे हुकूम काढत होती, म्हणून त्यांनी कोर्टंच बंद पाडली. डॅनियल शेज नावाचा युद्धातला कॅप्टन त्यांच्या पुढाऱ्यांत होता. १७८७ च्या जानेवारीत ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. उठाव मोडला तो राज्याच्या फौजेने, आणि त्या फौजेचा खर्च उचलला बॉस्टनच्या सावकारी-व्यापारी मंडळींनी. काँग्रेसच्या हातात काही नव्हतं. आपल्या मालमत्तेचं काय होणार, या धास्तीने बरेच प्रतिष्ठित लोक फिलाडेल्फियाच्या परिषदेला निघाले, हे मान्य करायला हरकत नाही. पण धास्तीपोटी केलेलं काम वाईटच असतं असं नाही.

परिषद २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ चालली. एकूण ५५ प्रतिनिधी आले, शेवटी ३९ जणांनी सही केली. ऱ्होड आयलंडने कुणालाच पाठवलं नाही. न्यू यॉर्कचे तिघे आले, त्यांतले दोघे जुलैत रागावून परत गेले. एकटा अलेक्झांडर हॅमिल्टन उरला आणि एकट्याने राज्याचं मत मांडायची सोय नव्हती. चर्चा पूर्ण गुप्त. बाहेर अक्षर जाऊ द्यायचं नाही असा नियम. आपल्याला आतलं कळतं ते मुख्यतः व्हर्जिनियाच्या जेम्स मॅडिसनने रोज उतरवून घेतलेल्या टिपणांमुळे, आणि तीही त्याच्या मृत्यूनंतर, १८४० मध्ये छापली गेली.

मॅडिसनला घटनेचा जनक म्हणतात. पण बाप लेकराच्या चेहऱ्यावर खूश नव्हता. त्याला दोन्ही सभागृहांत लोकसंख्येप्रमाणे जागा हव्या होत्या. १६ जुलैला परिषदेने सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, प्रत्येक राज्याला समान मत दिलं, तेही पाच विरुद्ध चार अशा मतांनी, मॅसॅच्युसेट्स अर्धं इकडे अर्धं तिकडे. राज्यांचे कायदे रद्द करायचा अधिकार केंद्राला असावा ही त्याची लाडकी कल्पना, तीही गेली. पॅरिसला अमेरिकेचा वकील म्हणून असलेल्या थॉमस जेफर्सनला त्याने ऑक्टोबरमध्ये पत्र लिहिलं, त्यात ही निराशा लपत नाही. म्हणजे हरलेल्यांच्या यादीत पहिलं नाव घटनेच्या जनकाचंच.

आणखी एका वर्गाचा पराभव इतका पूर्ण होता की त्याला कुणी सभागृहात बसवलंही नव्हतं. गुलामांची संख्या पाचात तीन या हिशेबाने धरून दक्षिणेकडच्या राज्यांना प्रतिनिधिगृहात, म्हणजे खालच्या सभागृहात, जास्त जागा मिळाल्या. गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही असं ठरलं. पळून गेलेला गुलाम मालकाला परत करायची तरतूद झाली. आणि हे सगळं ‘गुलाम’ शब्द एकदाही न वापरता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. मधली ८६ वर्षं आणि एक यादवी युद्ध त्या अर्पणपत्रिकेच्या पाठीमागे उभं आहे. पाचात तीनचा हा हिशेब लक्षात ठेवा, १८०० सालच्या निवडणुकीत तो पुन्हा भेटणार आहे.

अध्यक्ष कसा निवडायचा यावर परिषद उन्हाळाभर अडखळली. शेवटी ठरलं ते असं. प्रत्येक राज्य काँग्रेसमधल्या आपल्या जागांइतके निर्वाचक नेमेल. प्रत्येक निर्वाचक दोन नावं लिहील, त्यांतलं कुठलं अध्यक्षपदासाठी आणि कुठलं उपाध्यक्षपदासाठी हे न सांगता. ज्याला सर्वांत जास्त मतं आणि बहुमत, तो अध्यक्ष, त्याच्या खालचा उपाध्यक्ष. पक्ष असतील, ते जोडीने उमेदवार उभे करतील, ही शक्यता हिशेबात धरलेलीच नाही. गटबाजी हा रोग आहे याबद्दल या मंडळींचं एकमत होतं. पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन होणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं आणि तो समोरच खुर्चीत बसला होता, म्हणून या कलमाची फारशी ठोकून परीक्षा झाली नाही असं मला वाटतं.

मग मंजुरीची लढाई. तेरापैकी नऊ राज्यांनी मान्यता दिली की त्या नऊंपुरती घटना लागू. डेलावेअरने ७ डिसेंबर १७८७ ला पहिला नंबर लावला. पेनसिल्व्हेनियाचं सांगितलंच. पुढे मामला घट्ट होत गेला. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८. नववं राज्य न्यू हॅम्पशायर, ५७ विरुद्ध ४७. व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९. न्यू यॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. हे आकडे नीट पाहा. मोठ्या राज्यांत ही घटना जेमतेम वाचली आहे.

समर्थकांनी स्वतःला फेडरलिस्ट म्हणवून घेतलं, साहजिकच विरोधक अँटी-फेडरलिस्ट ठरले. नाव आधी पटकावलं की निम्मी लढाई झाली, हे तेव्हाही खरं होतं. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ निबंध लिहिले. ते आज अभ्यासक्रमात आहेत. विरोधकांचं लिखाण मात्र फारसं कुणी वाचत नाही आणि हा अन्याय आहे. ‘ब्रूटस’ या टोपणनावाने लिहिणाऱ्याने तेव्हाच सांगितलं होतं की हे न्यायाधीश तहहयात बसतील, त्यांच्या वर कुणी नसेल आणि घटनेचा अर्थ लावता लावता ते केंद्राची सत्ता वाढवत नेतील. इतक्या मोठ्या देशात प्रजासत्ताक चालणार नाही हे त्याचं भाकीत चुकलं. न्यायालयाबद्दलचं भाकीत चुकलं असं म्हणायला मी तयार नाही.

विरोधकांचा सर्वांत मोठा मुद्दा साधा होता. यात नागरिकांच्या हक्कांची सनद कुठे आहे? व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसनने परिषदेतच सही नाकारली, त्याच्या आक्षेपांत हा वरचा. मॅसॅच्युसेट्समध्ये मग तोड निघाली. आत्ता मंजुरी द्या, सोबत दुरुस्त्यांची शिफारस जोडा. पुढच्या बहुतेक राज्यांनी तेच केलं.

व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्री होता. वक्ता असा की त्याच्या विरोधात बोलायला उभं राहायचं तर छाती हवी. मॅडिसनचा आवाज इतका बारीक की टिपून घेणाऱ्याला कित्येकदा ऐकू यायचं नाही. तरी दहा मतांनी मॅडिसनची बाजू जिंकली. मतदानाच्या दिवशी, २५ जून १७८८ ला, हेन्री काय म्हणाला ते महत्त्वाचं. तो म्हणाला, मी अल्पमतात गेलो तरी शांततेने राहणारा नागरिक असेन. माझं डोकं, हात आणि हृदय या व्यवस्थेतले दोष काढायला मोकळे राहतील, पण मार्ग घटनात्मकच असेल. माझ्या दृष्टीने अमेरिकन राज्यघटना लागू झाली ती या वाक्यावर. हरलेला माणूस बंदूक काढू शकत होता. देशात युद्ध अधिकृतपणे संपून पाच वर्षंही झाली नव्हती आणि बंदुका घरोघर होत्या.

अर्थात हेन्री काही संत नव्हता. त्याने व्हर्जिनियाच्या विधानसभेत आपलं वजन वापरून मॅडिसनला सिनेटवर जाऊ दिलं नाही. मग मॅडिसन प्रतिनिधिगृहासाठी उभा राहिला, तर त्याचा मतदारसंघ असा आखला की विरोधकांचं पारडं जड व्हावं, आणि समोर तरुण जेम्स मन्रो उभा राहिला. १३०८ विरुद्ध ९७२ मतांनी मॅडिसन निवडून आला, पण त्यासाठी त्याला आपल्या भागातल्या बॅप्टिस्ट मंडळींना धर्मस्वातंत्र्याचं वचन द्यावं लागलं. हक्कांची सनद अनावश्यक आहे म्हणणारा माणूस ८ जून १७८९ ला प्रतिनिधिगृहात उभा राहिला आणि त्याने स्वतःच दुरुस्त्या मांडल्या. बारा दुरुस्त्या राज्यांकडे गेल्या, दहा १५ डिसेंबर १७९१ पर्यंत मंजूर झाल्या. आज अमेरिकन माणूस भाषणस्वातंत्र्याचा, ज्यूरीचा, झडतीविरुद्धच्या संरक्षणाचा अभिमान सांगतो, तो सारा हरलेल्या बाजूने वसूल केलेला.

सरकार सुरू झालं तेव्हाच्या गमती भरपूर आहेत, मी एकच सांगतो. करारांसाठी सिनेटचा ‘सल्ला आणि संमती’ घ्यावी असं घटनेत आहे. ऑगस्ट १७८९ मध्ये वॉशिंग्टन खरोखरच सल्ला घ्यायला स्वतः सिनेटमध्ये गेला. बाहेर गाड्यांचा खडखडाट, वाचलेलं कुणाला नीट ऐकू येईना, सिनेटर म्हणाले हे समितीकडे पाठवू. वॉशिंग्टन संतापला. ठरल्याप्रमाणे एकदा पुन्हा गेला, काम उरकलं आणि त्यानंतर अशा सल्ल्यासाठी त्याने सिनेटचा उंबरा चढला नाही. पुढच्या अध्यक्षांनीही ती वाट धरली नाही. संमती उरली, समोरासमोरचा सल्ला उडाला, आणि घटनेत एक अक्षर बदललं नाही.

मंत्रिमंडळाचंही तसंच. अमेरिकेत अध्यक्षाचे मंत्री काँग्रेसचे सदस्य नसतात. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना नेमका हा फरक समजावून सांगितला होता. डॉक्टरांचं कोलंबिया विद्यापीठ म्हणजे पूर्वीचं किंग्ज कॉलेज, आणि हॅमिल्टन आणि जे दोघेही तिथलेच विद्यार्थी. तर असं मंत्रिमंडळ बसेल असं घटनेत कुठेही म्हटलेलं नाही. वॉशिंग्टनने खातेप्रमुखांना एकत्र बसवून सल्ला घ्यायला सुरुवात केली, एवढंच. अर्थखातं हॅमिल्टनकडे, परराष्ट्र थॉमस जेफर्सनकडे. अमेरिकेतले पहिले दोन पक्ष या एका टेबलाच्या दोन बाजूंना जन्मले.

भांडण पैशावरून पेटलं. जानेवारी १७९० मध्ये हॅमिल्टनने काँग्रेसला कर्जाचा अहवाल दिला. केंद्राचं कर्ज सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर, राज्यांचं अंदाजे अडीच कोटी. त्याचं म्हणणं, सगळं फेडायचं, राज्यांचंही आपल्या डोक्यावर घ्यायचं आणि जो आज रोखा हातात धरून आहे त्यालाच पैसे द्यायचे. आता रोखे होते कुणाकडे? युद्धात पगाराऐवजी कागद मिळालेल्या शिपायांनी ते अडीअडचणीला मातीमोल भावाने विकून टाकले होते. अहवालाची कुणकुण लागताच सट्टेबाजांची माणसं खेड्यापाड्यांत रोखे गोळा करत फिरू लागली. मॅडिसन उभा राहिला आणि म्हणाला, मूळ धारकालाही काही वाटा द्या. ३६ विरुद्ध १३ ने त्याची सूचना पडली. हिशेबाच्या दृष्टीने हॅमिल्टन बरोबर होता. मूळ धारक शोधणं जवळजवळ अशक्य होतं आणि कागदाला बाजारात किंमत यायची तर घेणाऱ्याचा हक्क निर्विवाद हवा. पण लाकडी पाय घेऊन घरी बसलेल्या शिपायाला हे कसं पटवणार? या प्रश्नातून एक अख्खा पक्ष उभा राहिला.

राज्यांचं कर्ज घेण्यावर व्हर्जिनिया चिडलं, कारण त्यांनी आपलं बरंचसं फेडून टाकलं होतं. तेव्हा जून १७९० मध्ये जेफर्सनने हॅमिल्टन आणि मॅडिसनला आपल्या न्यू यॉर्कच्या घरी जेवायला बोलावलं. कर्जाचं विधेयक जाऊ द्या, बदल्यात राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीकाठी. सौदा झाला. मधली दहा वर्षं राजधानी फिलाडेल्फियात. पुढे जेफर्सन वॉशिंग्टनला सांगत सुटला की हॅमिल्टनने मला फसवलं, मला त्यातलं काही कळलंच नव्हतं. जेफर्सनला एखादी गोष्ट कळली नाही यावर विश्वास ठेवायला मला जड जातं.

मग हॅमिल्टनची राष्ट्रीय बँक. एक कोटी डॉलर भांडवल, पाचवा हिस्सा सरकारचा, वीस वर्षांची सनद. घटनेत बँक काढायचा अधिकार काँग्रेसला कुठे दिलाय? कुठेच नाही. दिलेली कामं पार पाडायला ‘आवश्यक आणि योग्य’ असे कायदे करता येतील, एवढं एक कलम आहे. मॅडिसनने प्रतिनिधिगृहात बँकेला घटनाबाह्य म्हटलं. गंमत अशी, की पब्लियसच्या ४४ व्या निबंधात याच कलमाची ऐसपैस वकिली त्यानेच केली होती. वॉशिंग्टनने दोन्ही मंत्र्यांकडून लेखी मत मागवलं. जेफर्सन म्हणाला, आवश्यक म्हणजे ज्याच्यावाचून अडतं ते. बँकेवाचून काही अडत नाही. शिवाय केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांचे आणि जनतेचे, असं सांगणारी दुरुस्ती त्याने आधाराला घेतली. ती तेव्हा अजून मंजूरही व्हायची होती! हॅमिल्टनने भलामोठा खर्डा लिहून पाठवला. साध्य घटनेत बसत असेल, साधन त्याला उपयोगी असेल आणि घटनेने ते मना केलं नसेल, तर ते चालतं. वॉशिंग्टनने २५ फेब्रुवारी १७९१ ला सही केली.

इथे थांबून पाहा. चार वर्षांपूर्वी वाद होता घटना हवी की नको. आता दोन्ही बाजू म्हणताहेत, घटना आमचीच, तुम्ही तिचा भंग करताय. पॅट्रिक हेन्रीसारख्यांची जी भीती होती, केंद्र सगळं गिळून टाकेल, तिला आता घटनेतलाच आधार सापडला. शब्दाला शब्द चिकटून वाचा, जास्त काही काढू नका. कालचे बरेचसे अँटी-फेडरलिस्ट अशा रीतीने राज्यघटनेचे कडवे रखवालदार झाले. मॅडिसन आणि जेफर्सनभोवती जमलेल्या या लोकांनी स्वतःला रिपब्लिकन म्हटलं. आजच्या रिपब्लिकन पक्षाशी याचा संबंध नाही, हे दर वेळी सांगावं लागतं.

वर्तमानपत्रं आलीच. जॉन फेनोचं पत्र हॅमिल्टनची बाजू घ्यायचं. जेफर्सनने कवी फिलिप फ्रेनो याला आपल्या खात्यात वर्षाला अडीचशे डॉलरवर भाषांतरकार नेमला आणि फ्रेनोने सरकारच्या पगारात राहून सरकारला झोडपणारं पत्र काढलं. ऑगस्ट १७९२ मध्ये वॉशिंग्टनने हॅमिल्टन आणि जेफर्सन दोघांनाही पत्रं लिहून जरा सबुरीने घ्या म्हणून विनवलं. दोघांनी उलट लांबलचक तक्रारी पाठवल्या.

पैशाच्या भांडणात परराष्ट्राचं तेल पडलं. फ्रान्समध्ये क्रांती, मग फ्रान्स आणि इंग्लंडचं युद्ध. रिपब्लिकन फ्रान्सकडे झुकलेले, फेडरलिस्ट इंग्लंडकडे, कारण हॅमिल्टनची सगळी यंत्रणा जकातीवर आणि जकात इंग्रजी मालावर चालत होती. पश्चिम पेनसिल्व्हेनियात दारूवरच्या करामुळे उठाव झाला, तर १७९४ मध्ये सुमारे तेरा हजार फौज निघाली आणि वॉशिंग्टन स्वतः काही मजल तिच्याबरोबर गेला. जॉन जेने इंग्लंडशी केलेला तह सिनेटमध्ये २० विरुद्ध १० ने, म्हणजे दोनतृतीयांशाच्या काठावर पास झाला आणि गावोगाव जेचे पुतळे जाळले गेले.

१७९६ मध्ये वॉशिंग्टन बाजूला झाला आणि घटनेतली चूक पहिल्यांदा उघडी पडली. फेडरलिस्ट जॉन अ‍ॅडम्सला ७१ मतं, जेफर्सनला ६८. म्हणजे अध्यक्ष एका पक्षाचा, उपाध्यक्ष विरोधी पक्षाचा नेता. १७९८ मध्ये फ्रान्सशी न जाहीर केलेलं समुद्री युद्ध सुरू असताना फेडरलिस्टांनी राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, काँग्रेसची सभागृहं किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं, द्वेषमूलक लिहिलं तर तुरुंग. उपाध्यक्षाचं नाव त्यात नाही. जेफर्सनला काय हव्या त्या शिव्या द्या! आणि कायद्याची मुदत ३ मार्च १८०१, अ‍ॅडम्सची कारकीर्द संपायच्या दिवशी. इतकी उघड चलाखी पाहिली की हसावं की रडावं कळत नाही.

या कायद्याखाली व्हरमाँटचा काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन चार महिने तुरुंगात गेला, हजार डॉलर दंड झाला. रांगडा गडी. वर्षाच्या सुरुवातीला प्रतिनिधिगृहात एका फेडरलिस्टाने त्याला काठीने बडवलं होतं, तेव्हा याने शेकोटीचा चिमटा उचलला होता. मतदारांनी त्याला तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं. तिकडे जेफर्सन आणि मॅडिसनने नावं गुप्त ठेवून केंटकी आणि व्हर्जिनियाच्या विधानसभांसाठी ठराव लिहिले, की केंद्राने मर्यादा ओलांडली तर राज्यांनी बोलायचं. केंटकीच्या ठरावांतलं तर्कशास्त्र पुढच्या शतकात गुलामांच्या मालकांना फार सोयीचं पडलं. हा हिशेब जेफर्सनच्या नावावर मांडायलाच हवा.

आता १८०० ची निवडणूक. रिपब्लिकनांचे अध्यक्षपदासाठी जेफर्सन आणि उपाध्यक्षपदासाठी अ‍ॅरन बर. शिस्त इतकी पक्की की त्यांच्या ७३ च्या ७३ निर्वाचकांनी दोन्ही नावं लिहिली. एकाने बरचं नाव गाळायला हवं होतं, कुणी गाळलं नाही. अ‍ॅडम्सला ६५. फेडरलिस्टांनी मात्र एक मत जॉन जेला टाकून आपल्यापुरती काळजी घेतली होती. पाचात तीनच्या हिशेबाने दक्षिणेला मिळालेली जादा मतं वजा केली तर अ‍ॅडम्स जिंकला असता, असं बऱ्याच इतिहासकारांचं गणित आहे.

जेफर्सन आणि बर बरोबरीत, तेव्हा निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली. जुन्या प्रतिनिधिगृहाकडे, जिथे बहुमत फेडरलिस्टांचं. मतदान राज्यवार, एका राज्याला एक मत, तोवर राज्यं सोळा झालेली, नऊ हवीत. ११ फेब्रुवारी १८०१ ला पहिली फेरी. जेफर्सन आठ, बर सहा, व्हरमाँट आणि मेरीलँड आपसात फुटलेली. दुसरी फेरी, तेच. तिसरी, तेच. नवी राजधानी म्हणजे चिखल, बर्फ आणि अर्धवट इमारती. मेरीलँडचा जोसेफ निकल्सन तापाने फणफणलेला असताना त्याला बर्फातून उचलून आणलं, शेजारच्या खोलीत खाटेवर ठेवलं आणि तो पडल्या पडल्या मत लिहीत राहिला, कारण तो गेला तर मेरीलँड बरकडे गेलं असतं. बाहेर अफवा, की फेडरलिस्ट तिसऱ्यालाच अध्यक्ष करणार, आणि तसं झालं तर पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनिया फौज काढणार. हॅमिल्टन आपल्या लोकांना पत्रांवर पत्रं लिहीत होता, की जेफर्सन मला आवडत नाही, पण बरच्या हाती देश देऊ नका.

पस्तीस फेऱ्या झाल्या. १७ फेब्रुवारीला डेलावेअरचा एकुलता एक प्रतिनिधी, फेडरलिस्ट जेम्स बेयर्ड, याने कोरी चिठ्ठी टाकली. मेरीलँडच्या फेडरलिस्टांनीही तेच केलं. व्हरमाँटचा फेडरलिस्ट बाजूला झाला, तिथे मत द्यायला एकच माणूस उरला. कोण? मॅथ्यू लायन. जेफर्सनला दहा राज्यं मिळाली. अ‍ॅडम्स ४ मार्चला पहाटे चारच्या सुमाराला, शपथविधीला न थांबता घरी निघून गेला. पण गेला. फौज त्याच्या हाताखाली होती, त्याने ती बोलावली नाही. आणि बेयर्डने हार मानली ती विरोधकावर प्रेम जडलं म्हणून नाही. आपण ताणून धरलं तर राज्यघटनाच मोडेल आणि डेलावेअरसारख्या चिमुकल्या राज्याला तिच्याबाहेर थारा नाही, हे त्याला दिसलं. या वेळी हरलेले फेडरलिस्ट होते, आणि १७८८ मध्ये हेन्रीने जे केलं तेच त्यांनी केलं. निवडणुकीची पद्धत १८०४ मध्ये बाराव्या दुरुस्तीने बदलली आणि अध्यक्ष-उपाध्यक्षांची मतं वेगळी झाली.

जुन्या अँटी-फेडरलिस्टांचं पुढे काय झालं? न्यू यॉर्कचा गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन, ज्याच्या राज्यात घटना तीन मतांनी वाचली, तो जेफर्सनचा आणि मग मॅडिसनचा उपाध्यक्ष झाला. एल्ब्रिज गेरी, ज्याने फिलाडेल्फियात सही नाकारली, तो १८१३ मध्ये मॅडिसनचा उपाध्यक्ष झाला. व्हर्जिनियात विरोधी मत देणारा आणि मॅडिसनकडून निवडणूक हरलेला मन्रो १८१७ मध्ये अध्यक्ष झाला.

बँकेची सनद १८११ मध्ये संपली. मुदतवाढीवर सिनेटमध्ये १७-१७ मतं पडली आणि निर्णायक मत याच क्लिंटनने विरोधात टाकलं. पाच वर्षांनी, इंग्लंडशी दुसरं युद्ध करून तिजोरीचे हाल झाल्यावर, नव्या बँकेचं विधेयक अध्यक्ष मॅडिसनपुढे आलं. त्याने एप्रिल १८१६ मध्ये सही केली. घटनेचा प्रश्न आता उरलेला नाही, काँग्रेसने, अध्यक्षांनी, न्यायालयांनी आणि लोकांनी इतक्या वेळा तो मान्य केलाय, असं त्याने आदल्या वर्षीच लिहून ठेवलं होतं. १७९१ चं त्याचं बँकेविरुद्धचं भाषणही उपलब्ध आहे. ज्यांना रस असेल त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचावं. मला विचाराल तर १७९१ चं भाषण जास्त चांगलं लिहिलेलं आहे, आणि १८१५ चं मत जास्त बरोबर.